मुलांसाठी बंद ठेवलेला वॉर्ड

घरातले माणूस इस्पितळात अखेरच्या घटका मोजत असताना मुलांना लांब ठेवणे हे त्यांच्याच भल्याचे, असे आपण मानत आलो. गेल्या पाऊणशे वर्षांचा मागोवा घेतला, तर त्यात काळजीपेक्षा मोठ्यांची सोयच अधिक दिसते. १९५२ साली मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरचा माहितीपट ब्रिटनमध्ये दाखवला, तेव्हा अनेक डॉक्टर चिडले. तरी तिथल्याच १९५९च्या प्लॅट समितीने आजारी मुलांना आईवडिलांनी केव्हाही भेटावे, अशी शिफारस केली. मरणपंथाला लागलेल्या आईकडे मुलाला कोण नेणार, हा उलटा प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षे कुणाच्या कामाचाच नव्हता. लहान मुलांना शोक पेलत नाही, हे मत या दुर्लक्षाला सोयीचे होते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९८०मध्ये ते खोडले: खरे वेळेवर सांगितले, प्रश्न विचारू दिले आणि विश्वासाचे माणूस जवळ असले, तर मूलही शोक करू शकते.

स्वीडनमध्ये २००० ते २००३ दरम्यान किशोरवयात आई किंवा वडील कर्करोगाने गमावलेल्या ६२२ तरुणांना पुढे विचारले गेले. मृत्यू जवळ आल्याचे मुलांना सांगावे, असे ९८ टक्क्यांनी म्हटले. ही किशोरांची साक्ष आहे, चार वर्षांच्या मुलाची नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून सांगण्याची भाषा बदलते. 'बाबा गावाला गेलेत' ही थाप त्या आक्षेपाने समर्थनीय ठरत नाही. नळ्या, यंत्रे पाहून मूल घाबरेल, हेही खरे. म्हणून आधी काय दिसेल ते सांगायचे आणि नको म्हणाले तर ओढून न्यायचे नाही.

आपल्याकडे आजी, काका, मावशी असतात, मग इस्पितळाने यात कशाला पडावे, असे कुणी विचारेल. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांवरच्या अमेरिकेतल्या हार्वर्ड अभ्यासात मूल कसे सावरते हे मागे राहिलेल्या पालकाच्या अवस्थेवर सर्वाधिक अवलंबून दिसले. म्हणजे नातलग हवेतच. पण तेही त्या दिवशी कोसळलेले असतात, आणि मुलाला काय सांगायचे हे त्यांनाही कुणीतरी सांगावे लागते. मुलांचा विचार झालाच नाही असे नाही: २०२१मध्ये कोविडने आईवडील दोघेही हिरावलेल्या मुलांच्या नावे महाराष्ट्र सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली. मदत मोलाचीच, पण ती मृत्यूनंतरची. नॉर्वेने मात्र २०१०पासून इस्पितळांत रुग्णांच्या मुलांची जबाबदारी असलेले कर्मचारी कायद्यानेच नेमायला लावले. आपल्याकडे रुग्णाला दाखल करताना विमा आणि नातलगाचा फोन विचारतात. घरी मुले किती, कोणत्या वयाची, हे सहसा नाही.