घरटी मोजायची, कासवे नव्हे

समुद्री कासवाची मादी किनाऱ्यावर येते ती अंडी घालण्यापुरती, तीही बहुधा रात्री. म्हणून मोजदाद होते ती घरट्यांची. कोकणात नोव्हेंबर ते मार्च कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात. वल्ह्यासारख्या पायांचा माग वाळूत जिथे थबकतो, तिथे काठीने चाचपायचे. काठी सहज आत गेली की घरटे सापडले. शंभरेक अंडी, न फिरवता, अलगद काढून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात आणि तारीख, संख्या वहीत उतरवतात. पिल्ले निघायला ४५ ते ६० दिवस.

ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवाची मादी एका हंगामात दोन-तीनदाही अंडी घालते. त्यामुळे शंभर घरटी म्हणजे शंभर माद्या नव्हेत. बातम्यांत ही गल्लत फार होते. मादी ओळखायला पायावरचा धातूचा बिल्ला लागतो. २०२१मध्ये ओडिशात ‘०३२३३’ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५मध्ये थेट गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या कासवांचा संबंध त्या एका बिल्ल्याने दाखवून दिला.

असा बिल्ला दिसला तर तो काढू नका. क्रमांक टिपून वनविभागाला कळवा.