तापत्या उन्हाने उभ्या केलेल्या आजी

माणसे पर्यावरणासाठी लढायला का उभी राहतात, असे विचारले की बहुधा ‘निसर्गप्रेम’ हे उत्तर मिळते. स्वित्झर्लंडमधील काही वृद्ध स्त्रियांचे उत्तर निराळे होते. त्यांनी स्वतःच्या शरीराकडे बोट दाखवले.

२००३च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची भीषण लाट आली. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत बहुतांश वृद्ध होते. वय वाढते तसा घाम कमी येतो, त्वचेवाटे उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती मंदावते आणि तहानेची जाणीवही वेळेवर होत नाही. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार सोबतीला असेल, तर धोका आणखी वाढतो.

हेच कारण पुढे करून २०१६ मध्ये ‘क्लिमासीनिओरिनेन’ ही ज्येष्ठ स्त्रियांची संघटना स्थापन झाली. सभासदांची संख्या दोन हजारांपुढे गेली. सरासरी वय सत्तरीपुढचे. सरकारने अर्ज फेटाळला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये नकार दिला. तेव्हा त्या स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या. चार स्त्रियांनी व्यक्तिशःही दाद मागितली होती. त्यांपैकी एक निकालाआधीच निवर्तली. ९ एप्रिल २०२४ रोजी सोळा विरुद्ध एक मतांनी संघटनेची बाजू मान्य झाली. एकेकटीची तक्रार मात्र न्यायालयाने दाखलच करून घेतली नाही. दोन महिन्यांनी स्विस संसदेने ‘आम्ही पुरेसे करतो आहोत’ असे सांगून निकालाबद्दल नाराजी नोंदवली.

केवळ भीतीने माणूस पडदे ओढून घरात बसतो. मला वाटते, ‘हा त्रास माझ्या एकटीचा नाही’ हे कळल्यावरच तो बाहेर पडतो. शिवाय हवामान सावरायला काही दशके लागतील. त्याचे फळ यांतील बहुतेकींना दिसणार नाही. तरीही त्या आठ वर्षे चिवटपणे लढल्या. (म्हातारपणी माणूस आपल्यापुरते पाहतो, असे म्हणणाऱ्यांनी हे अवश्य वाचावे.)

घरातील आजी-आजोबा ‘यंदा ऊन सोसवत नाही’ म्हणाले, तर ती कुरकुर समजू नये. कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत त्रास होतो, हे विचारून टिपून ठेवावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी किती द्यावे आणि गोळीची मात्रा बदलावी का, हे उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारावे. गोळी स्वतःहून बंद करू नये.