नादारी, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचे ताट

मराठी शाळांच्या दप्तरात ‘नादारी’ हा एक जुना शब्द आहे. निर्धन विद्यार्थ्यास फी माफ करावयाची, ती नादारी. परीक्षेत गुण दाखविणाऱ्यास वेतन द्यावयाचे, ती शिष्यवृत्ती. पहिलीचा आधार गरज, दुसरीचा गुण. हा भेद व्यवहारात वारंवार विसरला जातो. संपन्न घरच्या हुशार मुलाने शिष्यवृत्ती मिळविली तर त्यात वावगे काही नाही. परंतु गरिबासाठी म्हणून ठेवलेला पैसा केवळ गुणांच्या चाळणीने चाळला, म्हणजे तो बहुधा शिकवणी लावू शकणाऱ्या घरीच जाऊन पडतो.

निवासी शाळेत तर याहून बिकट गोष्ट अशी की, शिकवण्याची फी हा खर्चाचा एक भाग मात्र असतो. खरा भार ताटाचा, अंथरुणाचा, गणवेशाचा आणि सुटीत घरी येण्याजाण्याच्या भाड्याचा. नांदेड जिल्ह्यातील भोकर तालुक्याच्या एखाद्या खेड्यातून मुलगा दूरच्या शाळेत धाडावयाचा, तर फीची निम्मी सूट ऐकून बापाचा जीव हरखतो, आणि भोजनखर्चाचा आकडा वाचून पुन्हा खाली बसतो. जुन्या काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. त्यात पोट भरे. पण सोमवारच्या घरी एक मान आणि मंगळवारच्या घरी दुसरा, हे सोसावे लागे. शिवाय वार मिळण्यासही जात आड येत असे.

या ताटाचा प्रश्न मराठी मुलखात प्रथम मोठ्या प्रमाणावर सोडविला तो कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारविली. पुढे सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटील यांनी वेगळी वाट धरली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. येथे मुले स्वतःच स्वयंपाक करीत, झाडलोट करीत, शेतात राबत. सहायतेचा हा तिसराच प्रकार होय: गुणाचे बक्षीस नव्हे, दयेचे दानही नव्हे. श्रम देऊन घेतलेल्या अन्नास मिंधेपणाची चव नसते. तरीही केवळ मुलांच्या श्रमावर कोठार भरत नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक दागिना मोडला, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. कोणत्याही सहायतेमागे कोणाचा तरी खिसा, किंवा गळा, रिकामा होतच असतो.

भोकर त्या वेळी, म्हणजे १९४८ पर्यंत, निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. साताऱ्याची ही सोय तेथील मुलास परमुलखातलीच. आज स्थिती पुष्कळ निराळी आहे. नांदेड जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय शंकरनगर येथे असून सहावीच्या प्रवेशपरीक्षेत उतरलेल्या मुलास राहणे, जेवण, गणवेश व पुस्तके विनामूल्य मिळतात. नववीपासून बारावीपर्यंत विकासनिधी म्हणून दरमहा ६०० रुपये घेतात. सरकारी नोकरांच्या मुलांकडून अधिक. मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील घरांची मुले यांना तोही माफ आहे. निवड गुणावर, परंतु ताट सर्वांस सारखे, अशी ही मांडणी विचारपूर्वक केलेली दिसते.

याउलट एक विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आर्थिक दुर्बल घटकांतील गुणी मुलांसाठी केंद्र सरकारची जी शिष्यवृत्ती आठवीत परीक्षा घेऊन दिली जाते, ती वर्षास १२,००० रुपये, नववी ते बारावी मिळते. पालकाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नसावे, असा दंडक आहे. ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी. खाजगी विनाअनुदानित शाळेतील मुलास ती नाही, आणि नवोदयसारख्या निवासी शाळेतील मुलासही नाही. नवोदयच्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याचे ताट आधीच भरलेले. अडतो तो महागड्या खाजगी निवासी शाळेत कर्ज काढून घातलेला शेतकऱ्याचा मुलगा. त्याला शाळेच्या स्वतःच्या निधीखेरीज फारसा आसरा नाही. म्हणून अशा शाळेचे माहितीपत्रक हाती पडताच पालकाने प्रथम विचारावे ते हे: सूट फक्त फीची की भोजनाचीही, एका वर्षाची की शेवटच्या वर्गापर्यंतची, आणि मुलाचे गुण एखाद्या वर्षी घसरले तर ती काढून घेणार की काय? उत्तर लेखी मागावे. तोंडी आश्वासनाची किंमत दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये कळते.

नवोदयसाठी धडपडणाऱ्यांनी आणखी एका नियमाकडे वेळीच पाहावे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असावी लागतात. भोकर गावास नगरपरिषद आहे. चांगली शाळा म्हणून खेड्यातला मुलगा चौथीत भोकरास आणून ठेवला, तर या नियमापुरता तो शहरी ठरतो, मग बापाची जमीन कोरडवाहू असो की नसो. असा बेत असेल तर तो तिसरीपूर्वीच ठरवावा लागतो.