इंग्रजी क्रियापदांचा परिचय : लेखांक सातवा – ‘टेक’

गेल्या लेखांकात ‘पुट’ या क्रियापदाचा विचार करताना आपण असे पाहिले की, जे शब्द आकाराने लहान आणि वापराने जुने, तेच अर्थाच्या दृष्टीने सर्वांत अधिक विस्तार पावलेले असतात. आणि म्हणूनच भारदस्त लॅटिनोद्भव शब्दांनी भरलेला अग्रलेख जो विद्यार्थी बिनचूक वाचतो, तोच दोन इंग्रजांच्या साध्या घरगुती संभाषणापुढे अडखळतो. आजचे क्रियापद ‘टेक’ हे त्याच कुळातले. शाळेच्या पहिल्या इयत्तांत त्याचा ‘घेणे’ हा एकच अर्थ आपल्या पदरी पडतो आणि त्या एका शिदोरीवर सारा प्रवास करण्याची उमेद आपल्यापैकी पुष्कळ जण बाळगून असतात.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली लंडनला प्रकाशित झाला, त्यात या एका क्रियापदाखाली १३४ अर्थ दिलेले आहेत. हा आकडा ऐकून विद्यार्थ्याने धीर सोडू नये. प्रत्येक अर्थच्छटा निरनिराळी करून तिची दफ्तरी नोंद ठेवणे हे कोशकाराचे कर्तव्य. त्या विखुरलेल्या नोंदींच्या मुळाशी कोणती क्रिया आहे हे हुडकून काढणे हे शिकणाऱ्याचे. ‘टेक’च्या मुळाशी असलेली क्रिया अशी : हात पुढे करून एखादी वस्तू धरणे, ती जागची हलविणे आणि आपल्या ताब्यात आणणे. धरणे, हलविणे आणि ताबा मिळविणे या तीन अंशांपैकी कधी एकावर, तर कधी दुसऱ्यावर भर पडतो आणि त्यानुसार अर्थ पालटतो.

ज्या ठिकाणी ताब्यावर भर असतो, तेथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. आपण शपथ घेतो, रजा घेतो, भाग घेतो, कष्ट घेतो, सूड घेतो, औषध घेतो, आणि या सर्व ठिकाणी इंग्रज ‘टेक’च वापरतो. इतके साम्य असल्यामुळेच मन गाफील राहते आणि पुढच्या वळणावर फसगत होते. हलविण्यावर भर पडताच ‘टेक’चा अर्थ ‘नेणे’ असा होतो. ‘टेक द चाइल्ड टू स्कूल’ म्हणजे मुलाला शाळेत ने. मराठीने ‘घेणे’ आणि ‘नेणे’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे ठेवली, त्या दोहोंचा कारभार इंग्रजीने बव्हंशी एकाच कारभाऱ्याकडे सोपविला. याखेरीज, आपण छायाचित्र काढतो, पाऊल टाकतो, तापमान मोजतो. इंग्रज ही तिन्ही कामे ‘टेक’ने करतो. आपल्याकडे कामाला वेळ ‘लागतो’, इंग्रजीत मात्र ते काम आपल्यापाशी असलेला वेळ जणू स्वतःकडे ओढून नेते. एकदा हे चित्र डोळ्यांपुढे आले की ‘इट टेक्स टाइम’ हे वाक्य घोकावे लागत नाही.

सर्वांत अधिक चुका होतात त्या परीक्षेच्या बाबतीत. मराठीत परीक्षा घेतो तो शिक्षक आणि देतो तो विद्यार्थी. इंग्रजीत हा व्यवहार बरोबर उलटा आहे : परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. ‘आय गेव्ह द एक्झाम’ असे वाक्य आपला विद्यार्थी लिहितो तेव्हा त्याच्या मनात मराठीच बोलत असते आणि इंग्रज वाचकाला मात्र तोच परीक्षक असल्याचा भास होतो. यात अज्ञान म्हणावे असे फारसे काही नाही. एका भाषेची वहिवाट दुसऱ्या भाषेच्या हद्दीत नेल्याचा हा परिणाम आहे. पण हद्द ओळखणे हाच भाषा शिकण्यातील निम्मा अभ्यास होय.

आता या क्रियापदामागे जोडल्या जाणाऱ्या लहान अव्ययांकडे वळू. ‘टेक ऑफ’ म्हणजे अंगातला कोट उतरविणे, आणि विमानाने जमीन सोडणेही. ‘टेक डाउन’ म्हणजे भिंतीवरची तसबीर खाली काढणे, आणि साक्षीदाराची जबानी लिहून घेणेही. ‘टेक ओव्हर’ म्हणजे कारभाराचा ताबा घेणे, ‘टेक ऑन’ म्हणजे जबाबदारी पत्करणे किंवा माणसाला कामावर ठेवणे. ‘टेक आफ्टर’साठी मराठीत तितकाच सुंदर प्रयोग आहे, तो म्हणजे मुलगा बापावर ‘जाणे’. ‘टेक टू’ म्हणजे एखाद्या गोष्टीची गोडी किंवा माणसाचा लळा लागणे. ‘टेक इन’ची व्याप्ती तर याहूनही मोठी : निराश्रिताला घरात थारा देणे, शिंप्याने सैल कपडा आत घेणे, ऐकलेले नीट उमजणे आणि एखाद्याला गंडविणे, असे चार अर्थ त्यात सामावलेले आहेत. पहिल्या तिहींत काहीतरी बाहेरून आत येते हे उघड आहे. चौथ्यात आत ओढला जातो तो फसलेला मनुष्यच.

ही रचना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. संस्कृतात ‘हृ’ या धातूचा अर्थही नेणे, हरण करणे असाच आहे. त्याच्या आधी उपसर्ग लागला की प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार असे एकमेकांपासून दूरचे शब्द सिद्ध होतात, आणि उपसर्ग धातूचा अर्थ बळाने अन्यत्र कसा नेतो हे सांगताना आपल्या वैयाकरणांनी नेमके हेच उदाहरण दिले. इंग्रजीत तेच कार्य धातूनंतर येणारे अव्यय करते.

एवढी सत्ता गाजविणारा हा शब्द मूळचा इंग्रजीचा नव्हे, ही गोष्ट विशेष मननीय आहे. प्राचीन इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमान’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेतील ‘नेहमेन’ हे त्याचे सख्खे भावंड. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातील लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वस्ती करून राहिले, त्यांनी आपल्याबरोबर ‘टाका’ हे क्रियापद आणले आणि पुढील काही शतकांत त्याने घरच्या शब्दाला गादीवरून दूर केले. ‘निमान’ची खूण आज ‘नंब’ म्हणजे बधिर आणि ‘निंबल’ म्हणजे चपळ या दोन शब्दांत तेवढी उरली आहे. ज्याची संवेदना ‘घेतली’ गेली तो बधिर, आणि चटकन ‘घेणारा’ तो चपळ. राजवट बदलली की दरबारी पोशाख बदलतो, परंतु शेजारी नांदणाऱ्या सामान्य माणसांच्या रोजच्या देवघेवीतून आलेला शब्द थेट घराच्या माजघरापर्यंत पोचतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ची योजना मांडली, तेव्हा ८५० शब्दांच्या आपल्या यादीत त्यांनी क्रियापदे केवळ १८ ठेवली, त्यांत ‘टेक’ला स्थान आहे. अशा मोजक्या क्रियापदांना अव्ययांची जोड दिली की व्यवहारातील बहुतेक क्रिया व्यक्त करता येतात, ही त्यांची धारणा होती. तिच्यातला बोध आपण स्वीकारावा : नवे, अवघड शब्द गोळा करण्यापूर्वी या जुन्या, सोप्या शब्दांवर प्रभुत्व मिळवावे.

त्यासाठी अर्थांची यादी पाठ करू नका. या आठवड्यात इंग्रजी वृत्तपत्राचे एक पान रोज वाचा, जेथे जेथे ‘टेक’ आढळेल ते संपूर्ण वाक्य वहीत उतरवा आणि शेजारी त्याचे मराठी लिहा. ज्या वाक्यात मराठी क्रियापद ‘घेणे’ आले नाही, त्याखाली रेघ ओढा. रेघ ओढलेली तेवढी वाक्ये पुन्हा पुन्हा वाचा. तुमचा खरा अभ्यास त्यांतच आहे. पुढील लेखांकात ‘गेट’ या क्रियापदाचा विचार करू.