अठरा महिन्यांची सोबत

आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होऊ नये यासाठीची औषधं आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचारच झाले नाहीत, तर गर्भात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. आईच्या गोळ्या न चुकता चालल्या, तर हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. 2002 साली देशभर कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरपीनची एक गोळी आणि बाळाला एक मात्रा, एवढाच उपाय होता. बाळाला हे औषध सहा आठवडे दिलं तर संरक्षण वाढतं, हे 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. त्यात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचाही वाटा होता. 2014पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार मिळू लागले.

मग अडतं कुठे? घरात.

सोलापूरची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. ते माहेर अनेकदा विजयपूर किंवा कलबुर्गीकडचं, म्हणजे दुसऱ्या राज्यातलं असतं. एचआयव्हीच्या गोळ्या देणारं एआरटी केंद्र इकडे, बाळंतपण तिकडे. गोळ्या संपल्या तर कुणाला विचारायचं? भावजयीने गोळ्यांची डबी पाहिली तर काय सांगायचं? बाळ जन्मताच आजी मध चाटवायला येते, पाठोपाठ घुटी उगाळली जाते, आणि उन्हाळा असेल तर ‘घसा सुकतोय गं लेकराचा’ म्हणत पाण्याचा चमचा पुढे होतो. अंगावर पाजणाऱ्या बाधित आईने पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच दूध द्यावं. सोबत वरचं काही दिलं की लागणीचा धोका वाढतो. समुपदेशक हे नीट समजावतात. पण आजीला न दुखावता आणि आजार न सांगता चमचा कसा परतवायचा, हे त्या प्रसंगातून गेलेल्या बाईलाच ठाऊक असतं.

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला 2001मध्ये डॉ. मिच बेसर यांनी हेच हेरलं. त्यांच्या ‘मदर्स टू मदर्स’ संस्थेने बाधित आयांनाच प्रशिक्षण आणि पगार देऊन दवाखान्यात नेमलं. आपल्याकडे 2013च्या ‘विहान’ कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारे लोक समुपदेशक आणि क्षेत्रकार्यकर्ते झाले.

अशा अनुभवी बाईच्या सोबतीची सर्वाधिक गरज बाळंतपणानंतर असते. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कार्डावर वाळवून तपासणीला जातात. पुढे सहाव्या, बाराव्या महिन्यात तपासणी आणि अठराव्या महिन्यात अखेरची खात्री. या दीड वर्षात विडी कारखान्याची हजेरी बुडते, नवरा ऊसतोडीला जातो, एखादी तारीख चुकते. त्या दिवशी ‘ताई, उद्या मी येते तुझ्यासोबत’ असा फोन तेलुगू, कन्नड किंवा मराठीत, तिच्या भाषेत यायला हवा.

पंढरपुरात मंगलताई शहा यांच्या ‘पालवी’ संस्थेत 2001पासून बाधित आणि घरच्यांनी नाकारलेली मुलं वाढली. त्यांना पाहिलं की एका चुकलेल्या तारखेची किंमत कळते.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. अशी सोबत करणाऱ्या बाधित ताईला तुटपुंजं मानधन नको, कायम पद हवं. प्रवासखर्च आणि फोनचे पैसे वेळेवर हवेत. 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा रुग्णाची ओळख गुप्त ठेवायला सांगतो. तोच जपणुकीचा हक्क तिलाही हवा, कारण दुसरीच्या दारात उभी राहताना ती स्वतःचंही गुपित पणाला लावत असते.