ऑक्सबर्ग हॉल : विटांची देवडी

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील ऑक्सबर्ग हॉल हा वाडा प्रथमदर्शनी किल्लाच भासतो. सभोवती पाण्याचा खंदक, दर्शनी बाजूस लाल विटांची उंच देवडी, तिच्या दोहों अंगांस बहुकोनी बुरूज. एडमंड बेडिंगफील्ड यांना तटबंदीचा राजपरवाना १४८२ मध्ये मिळाला. मात्र कमानीवरील रुंद खिडक्या लक्षात घ्या. तोफांच्या काळात असा दर्शनी भाग शत्रूला काय थोपविणार? ही तटबंदी संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठी होती. घडीव दगड दुर्मीळ असलेल्या या प्रदेशात वीट सोयीची होती, आणि मिरविण्याजोगीही. बुरुजातील चक्राकार जिना व त्यावरील वेटोळे घेत जाणारे छत, दोन्ही विटांचीच आहेत. गवंड्यांचे कसब खरे तर येथे पाहावे.

खऱ्या संरक्षणाची गरज पुढे निराळ्याच कारणाने भासली. बेडिंगफील्ड घराणे कॅथलिक राहिले. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूंचे इंग्लंडमधील वास्तव्य राजद्रोह ठरले. त्यांना आश्रय देणाऱ्यासही मृत्युदंड होता. देवडीतील एका दालनालगतच्या शौचकूपात, भोवतालच्या फरशीत बेमालूम मिसळणारी एक झडप आहे. ती उचलली की खाली अरुंद, अंधारी कोठडी दिसते.