चतुर्थी झाली, आता नोटीस बोर्ड बघा! हायस्कूलच्या पुढच्या सहा महिन्यांत काय काय आहे, आणि काय चुकवायचे नाही

मालवण, प्रतिनिधी : चतुर्थीची सुट्टी संपली. चाकरमानी परत गेले, शाळा पुन्हा भरू लागल्या. आता सप्टेंबर ते फेब्रुवारी हे सहा महिने हायस्कूलमध्ये सर्वात गडबडीचे असतात. तालुका क्रीडा स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सहामाही, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीच्या परीक्षा, दहावीचे फॉर्म आणि शेवटी बोर्डाची परीक्षा, सगळे याच काळात येते. मुलांना यातले स्नेहसंमेलन आणि सहल पाठ असते. पालकांना शेवटी निकाल तेवढा कळतो. पण मधल्या दोन-तीन तारखा चुकल्या तर घराचे हजारो रुपये बुडतात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मालवण शहरातले टोपीवाला हायस्कूल, भंडारी हायस्कूल असो, कट्ट्याचे वराडकर हायस्कूल असो की आचरा-मसुऱ्याकडची शाळा, वर्षाचे हे वेळापत्रक थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच. म्हणून ते एकदा नीट समजून घेऊया.

निकाल चांगलाच, पण पुढे काय?

दहावीच्या निकालात कोकण बोर्ड राज्यात पहिले येते, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे या बोर्डात आहेत. २०२२ मध्ये कोकणचा निकाल ९९.२७ टक्के, २०२३ मध्ये ९८.११, २०२४ मध्ये ९९.०१ आणि मे २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. २०२५ मध्ये राज्याचा एकूण निकाल ९४.१० टक्के होता. सिंधुदुर्ग जिल्हा तर ९९.३२ टक्क्यांवर.

म्हणजे आपल्याकडे शाळेत नियमित जाणारे मूल दहावी नापास होईल ही भीती फार उरलेली नाही. खरा प्रश्न पास झाल्यानंतरचा आहे. अकरावीला कुठे, पॉलिटेक्निकला नंबर लागेल का, रोजचा प्रवास, वह्या-पुस्तके, क्लासची फी हे पैसे कुठून आणायचे? खलाशी म्हणून बोटीवर जाणाऱ्याच्या घरात, किंवा आंबा-काजूच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या घरात हाच प्रश्न मोठा असतो. आणि त्याचे थोडेफार उत्तर शाळेच्या नोटीस बोर्डावर आठवीपासूनच लागलेले असते.

आठवीच्या पालकांनो, एनएमएमएस विसरू नका

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस. परीक्षा आठवीत. निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, वर्षाला १२,००० आणि चार वर्षांत ४८,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात. केंद्र सरकारची ही योजना आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ जागा येतात आणि त्या जिल्हावार वाटल्या जातात.

बसता कोणाला येते? मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपरिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत हवे. सातवीला किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के. आई-वडिलांचे मिळून वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. विनाअनुदानित शाळा, नवोदय आणि केंद्रीय विद्यालय यातल्या मुलांना ही योजना नाही. आपल्या गावातली बहुतेक हायस्कुले अनुदानित आहेत, त्यामुळे बरीच मुले यात बसतात.

परीक्षेत दोन पेपर असतात. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, ९० प्रश्न, ९० गुण. दुसरा शालेय विषयांचा, तोही ९० गुणांचा. त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २०. प्रत्येक पेपरला दीड तास. पात्र ठरायला दोन्ही पेपरांत ४० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ३२ टक्के. पण नुसते पात्र होऊन भागत नाही, गुणवत्ता यादीत नाव लागावे लागते. २०२४ मध्ये ही परीक्षा २२ डिसेंबरला झाली होती. म्हणजे तयारीला हातात तीन महिने धरून चालावे.

फॉर्म शाळेने ऑनलाइन भरायचा असतो. पालकांचे काम एकच, पण तेच राहून जाते, ते म्हणजे उत्पन्नाचा दाखला. शाळेकडून शेवटचा निरोप आला की मग तलाठ्याकडे पळापळ सुरू होते. तलाठ्याची चौकशी, सेतूत अर्ज, तहसीलदारांची सही, यात दिवस जातात. त्यात मधे दिवाळी आली की संपले. दाखला आजच काढायला घ्या, इतर कामांनाही तो उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा समाजातले मूल एनएमएमएस परीक्षेत पात्र झाले पण यादीत नाव लागले नाही, तर सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. त्यात नववी ते बारावी वर्षाला ९,६०० रुपये मिळतात. त्यासाठी वेगळी परीक्षा नाही, पण ही परीक्षा दिलेली असली पाहिजे.

निवड झाल्यावरही काम संपत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पुढे दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. मुलाचे बँक खाते आधारला जोडलेले हवे. दहावीला ६० टक्के मिळाले तरच अकरावी-बारावीची रक्कम चालू राहते, अनुसूचित जाती-जमातीला यात ५ टक्के सवलत आहे. एका वर्षी नूतनीकरण राहिले तर त्या वर्षाचे १२ हजार हातचे जाऊ शकतात.

मुलाच्या डोक्यात कल्पना आहे?

इन्स्पायर-मानक ही विज्ञानाची योजना आहे. शाळेने विद्यार्थ्यांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवायच्या. आता ती सहावी ते बारावीपर्यंत खुली आहे. कल्पना निवडली गेली तर मॉडेल करायला मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात आणि मग जिल्हा, राज्य, देश असे प्रदर्शन. २०२५ मध्ये मुदत १५ सप्टेंबर होती.

इंटरनेटवरून उचललेला ज्वालामुखी किंवा पवनचक्की इथे चालत नाही. कल्पना स्वतःची हवी. आणि किनाऱ्यावरच्या मुलाला कल्पना कमी नाहीत. पावसात मासे सुकवायला जागा नसते, जाळे शिवायला वेळ लागतो, काजूच्या बोंडूची नासाडी होते, माडावर चढायला माणूस मिळत नाही, विहिरीला मचूळ पाणी येते. घरात रोज दिसणारी अडचण मुलाने सोपी करून दाखवली, की झाली कल्पना. सर-मॅडमना ती लिहून द्यायची, पुढचे काम शाळा करते.

खेळ आणि चित्रकला म्हणजे वेळ फुकट नव्हे

‘दहावी आहे, आता खेळ बंद’, असे घराघरात म्हणतात. पण नियम वेगळे सांगतो. क्रीडा विभागाच्या स्पर्धांत मुलाने मजल मारली तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. कोणत्या पातळीपर्यंत खेळला त्यावर ते ठरतात, जास्तीत जास्त २५. कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा, जलतरण यांचे तालुका सामने याच दिवसांत सुरू होतात.

चित्रकलेचेही तसेच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३. सातवी-आठवीत एलिमेंटरी आणि नववीपर्यंत इंटरमिजिएट उरकली, तर दहावीच्या वर्षी ताण राहत नाही. पॉलिटेक्निकच्या यादीत अर्ध्या-एक टक्क्याने नंबर जातो, तेव्हा या पाच-सात गुणांची किंमत कळते.

मात्र हे गुण आपोआप लागत नाहीत. प्रमाणपत्र वेळेत शाळेत द्यावे लागते, शाळेने प्रस्ताव बोर्डाकडे पाठवावा लागतो. प्रमाणपत्र घरच्या भिंतीवर आणि प्रस्ताव कुठेच नाही, असे व्हायला नको.

शेवटची गाडी

खेळाचा सराव, स्नेहसंमेलनाची तालीम, जादा तास हे सगळे शाळा सुटल्यावर असते. आणि वाडीवर जाणारी एसटी त्याआधीच निघून जाते. मुलगी कबड्डीत चांगली असली तरी संघात नसते, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

सरकारची सोय अशी आहे : ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या फक्त एक तृतीयांश पैसे. पास शाळेतच देण्याची योजना एसटीने सुरू केली आहे. पण पास हातात असला तरी गाडी वेळेवर हवी. गाडीची वेळ बदलून हवी असेल, तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन आगारात गेलेले बरे. एकट्या पालकाच्या तोंडी तक्रारीपेक्षा त्याला वजन असते. तोवर एकाच वाडीतल्या चार घरांनी आळीपाळीने मुलांना आणायची जबाबदारी घेतली तरी काम होते.

दहावीचा फॉर्म : नाव, जन्मतारीख, आईचे नाव

दहावीचे परीक्षेचे फॉर्म शाळेमार्फत ऑनलाइन भरले जातात. त्यानंतर शाळा एक प्री-लिस्ट काढते आणि मुलाची सही घेते. ही सही डोळे मिटून करू नये. नावाचे इंग्रजी स्पेलिंग, आडनाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात प्रवर्ग, घेतलेले विषय, सगळे आधार कार्ड आणि शाळेच्या दाखल्याशी ताडून बघा. आता चूक सापडली तर शाळेत दुरुस्त होते. मार्कशीट छापून आल्यावर सापडली तर बोर्डाच्या फेऱ्या सुरू होतात, आणि पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत ती चूक मागे लागते.

ज्यांची शाळा मधेच सुटली, कोणी बोटीवर गेला, कोणी गोव्यात कामाला लागला, त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. खाजगीरित्या दहावी-बारावीला बसता येते. त्याची नोंदणीही याच महिन्यांत असते, जवळच्या हायस्कूलमध्ये चौकशी करावी.

जत्रा आणि पेपर

कार्तिकापासून जत्रा लागतात, रात्रभर दशावतार रंगतो. मुलांनी जाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडचा तो संस्कारच आहे. पण आंगणेवाडीच्या जत्रेचा हिशेब वेगळा. तारीख देवीच्या कौलाने ठरते आणि ती बोर्डाच्या परीक्षेजवळ येते. २०२४ मध्ये दहावीचा पहिला पेपर १ मार्चला आणि जत्रा २ मार्चला होती. २०२५ मध्ये पेपर २१ फेब्रुवारीला आणि जत्रा २२ ला. दोन्ही वर्षी पहिल्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी! घरात पाहुणे, रस्त्याला गर्दी, रात्रभर स्पीकर. यंदा तारीख जाहीर झाली की दहावी-बारावीच्या मुलांची अभ्यासाची सोय कोणाकडे करायची, ते आधीच ठरवून ठेवावे.

तारकर्ली-देवबागकडे हीच गोष्ट पर्यटकांची. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत घरच्या होमस्टेला, बोटीला मुलांचा हात लागतो. मदत करावी, पण पूर्वपरीक्षा त्यानंतर लगेच असते हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे.

लहान शाळेत पालकांचे काम जास्त

गावातल्या हायस्कुलांचा पट कमी होत चालला आहे. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकांची पदे कमी होतात. अनेक ठिकाणी शिकवणारा शिक्षकच ऑनलाइन फॉर्म भरतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो आणि मुलांना घेऊन स्पर्धेलाही जातो. अशा शाळेने प्रत्येक घरी फोन करून आठवण करावी, ही अपेक्षा जास्त होते. ‘शाळेत काय ता बघतीत’ म्हणून चालणार नाही. महिन्यातून एकदा शाळेत जाऊन नोटीस बोर्ड वाचला, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप नुसते पुढे न ढकलता उघडून बघितले, तरी पुष्कळ होते.

दहावीनंतरची तयारीही आताच हवी. २०२५ मध्ये पहिल्यांदाच राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास हे कागद जूनमध्ये काढायला गेले की सेतूत रांग असते. मालवणातच शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय आहे. कोणत्या कोर्सला काय लागते, हे दिवाळीच्या सुट्टीत जाऊन विचारून आलेले बरे.

थोडक्यात, या आठवड्यात करायची कामे

- मूल आठवीत असेल तर सातवीचे गुणपत्रक बघा. ५५ टक्के असतील तर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करा.
- मुलाच्या नावाचे बँक खाते आहे का, ते आधारला जोडले आहे का, बँकेत विचारा.
- विज्ञानाची कल्पना असेल तर मुदतीच्या आत शिक्षकांना द्या.
- खेळ आणि चित्रकलेची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये ठेवा, झेरॉक्स शाळेत द्या.
- मूल दहावीत असेल तर आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव एकच आहे ना, ते आजच ताडून घ्या.
- आधीच एनएमएमएस मिळत असेल तर यंदाचे नूतनीकरण झाले का, ते शाळेत विचारा.

यातल्या कोणत्याही कामाला क्लासची फी लागत नाही की ओळख लागत नाही. फक्त वेळेत शाळेची पायरी चढावी लागते.